पुस्तकांचं कपाट घरी करायचंय? आधी कापांचा हिशोब, मग हत्यारं

हत्यारं घ्यायला निघालेला माणूस बहुतेक वेळा करवतीवरच अडतो. हातकरवत पुरेल का, इलेक्ट्रिक घ्यावी का, घ्यायची तर कुठली? पण त्याआधी कपाटात नेमके कोणते काप आहेत आणि त्यातले किती तुम्ही स्वतःच करायला हवेत, हे बघा. उत्तर बरंचसं तिथेच मिळतं.

एक साधं उघडं कपाट धरू: उंची 180 सेंमी, खोली 30 सेंमी, फळ्या 80 सेंमीच्या, लाकूड म्हणजे 18 मिमी प्लायवूड. दोन बाजू, वरची आणि तळाची फळी, मधल्या चार. 8 बाय 4 फुटांच्या, म्हणजे 244 बाय 122 सेंमीच्या एका शीटमध्ये हे सगळं बसतं. शीट लांबीत चिरून 30 सेंमी रुंदीच्या चार पट्ट्या काढायच्या. दोन पट्ट्यांतून दोन बाजू, उरलेल्या दोन पट्ट्यांतून तीन-तीन फळ्या. पाठीसाठी 6 मिमीचं प्लाय वेगळं. थोडक्यात, लांब काप फक्त तीन, प्रत्येकी आठ फुटांचे. बाकी आठेक काप आडवे, तेही 30 सेंमीचे.

महागडी करवत लागते ती त्या तीन लांब कापांसाठी. आणि जिथून शीट घ्याल तिथे मोठ्या यंत्रावर हे काप करून मिळण्याची सोय बऱ्याचदा असते. तसं असेल आणि कपाट एकच करायचं असेल, तर माझं मत सरळ आहे: करवतीवर खर्च करू नका, पट्ट्या कापूनच आणा. 30 किलोंच्या पुढची अख्खी शीट जिन्यातून वर चढवण्याचा त्रासही वाचेल.

करवती समोरासमोर

| करवत | आठ फुटी चीर | 30 सेंमीचा आडवा काप | जागा | आवाज आणि भुसा |
|---|---|---|---|---|
| हातकरवत | जमते, पण दमवते | उत्तम | टेबलाएवढी | कमी |
| जिगसॉ (वर-खाली चालणारं बारीक पातं) | पातं भरकटतं | पट्टी लावून चालतो | टेबलाएवढी | मध्यम |
| सर्क्युलर सॉ (हातात धरायची, गोल पात्याची) आणि सरळ पट्टी | सरळ, झटपट | उत्तम | शीट आडवी मावेल एवढी | खूप |
| टेबल सॉ (टेबलातून वर आलेलं गोल पातं) | सर्वांत अचूक | लांब तुकड्याला अवघड | शीटच्या पुढे-मागे मिळून सोळा फुटांहून जास्त | खूप |

जिगसॉबद्दल नवख्यांचा हमखास गैरसमज होतो. छोटी असते, हातात भीती वाटत नाही, म्हणून तीच आधी घेतली जाते. पण तिचं पातं एकाच टोकाला धरलेलं असतं. जाड प्लायमध्ये ते खाली तिरकं होतं, त्यामुळे वरून काप रेषेवर दिसतो आणि खालून दोन मिलिमीटर सरकलेला असतो. गोलाई कापायला, स्विचबोर्डासाठी कोपरा काढायला तिच्यासारखं हत्यार नाही. सरळ कडांच्या कपाटात मात्र तिला काम फारसं नाही.

सर्क्युलर सॉची गोष्ट वेगळी. 185 मिमी पात्याची साधी करवत आणि दोन क्लॅम्पनी, म्हणजे शिकंज्यांनी, घट्ट धरलेली सरळ पट्टी एवढ्यावर आठ फुटांचा काप टेबल सॉच्या तोडीचा निघतो. पट्टी म्हणून प्लायचाच, कारखान्यातून आलेली सरळ कड असलेला लांब तुकडा चालतो. पात्याला 40 ते 60 दात हवेत. सोबत येणारं 24 दातांचं पातं वेगात कापतं, पण प्लायचा वरचा पापुद्रा उचकटतं. पात्याची जाडी दोन-अडीच मिलिमीटर असते आणि प्रत्येक काप तेवढं लाकूड खातो. आपल्या हिशोबात चार पट्ट्यांचे 120 सेंमी होतात आणि शीट 122 ची आहे, म्हणून तीन काप निभावतात. पट्टी 30.5 सेंमीची धरली असती तर चौथी कमी पडली असती.

चांगली बाजू वर ठेवायची की खाली, हे करवतीगणिक बदलतं. सर्क्युलर सॉ आणि जिगसॉ यांचे दात खालून वर येताना कापतात, म्हणून ढलप्या वरच्या बाजूला उडतात. शीटचा चांगला चेहरा खाली. टेबल सॉ आणि ढकलून चालणारी हातकरवत यांत उलट, चांगला चेहरा वर. खर्च काहीच नाही, पण कापाच्या सफाईत पडणारा फरक महागड्या पात्याएवढा.

हातकरवतीत दोन जाती. ढकलताना कापणारी आपली नेहमीची, आणि ओढताना कापणारी जपानी. ओढताना पातं ताणलं जातं, वाकत नाही, म्हणून ते पातळ ठेवता येतं. काप बारीक आणि स्वच्छ निघतो. पट्ट्या कापून आणल्या असतील तर उरलेल्या आडव्या कापांसाठी मी जपानीच घेईन. तिचे दात बारीक आणि कडक असतात, खिळ्यावर आदळले तर तुटतात, आणि घरी कानशीने धार लावणं अवघड असल्याने सहसा पातंच बदलतात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला, रात्री दहानंतरच वेळ मिळणाऱ्याला हीच सोयीची. सर्क्युलर सॉचा आवाज शंभर डेसिबलच्या घरात जातो. शेजारी एकदा ऐकून घेतील, दुसऱ्यांदा नाही.

टेबल सॉ एका कपाटासाठी घेऊ नये. जागा तर हवीच, शिवाय लाकूड पात्यात अडकून अंगावर उसळण्याचा धोका आहे, आणि तो नवख्याला आधी कळत नाही.

आणि अँगल ग्राइंडरला लाकडाचं दातेरी पातं लावून काम भागवायचा विचार असेल तर तो सोडून द्या. ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे घेतो, सर्क्युलर सॉ पाच हजारांच्या आसपास. ग्राइंडरला खाली टेकणारी पाटी नसते, मागे चीर उघडी ठेवणारं काही नसतं. पातं अडकलं की यंत्र हातातून निसटतं.

जोड कुठला, त्यावर बाकीची पेटी

करवतीपेक्षा विचार करण्यासारखी जागा ही. फळी बाजूला कशी जोडणार, ते ठरलं की निम्मी यादी आपोआप ठरते.

सर्वांत सोपा जोड म्हणजे बाजूच्या बाहेरून गोंद आणि स्क्रू. लागतं फक्त ड्रिल. 4 बाय 50 मिमीचे स्क्रू, आधी 2.5 ते 3 मिमीचं भोक. प्लायच्या कडेत भोक न पाडता स्क्रू घातला तर थर फाकतात आणि पकड जाते. उणीव एकच, बाहेरून स्क्रूची डोकी दिसतात. टोप्या लावा, लांबी (पुट्टी) भरा किंवा बाजू भिंतीकडे असेल तर सोडून द्या.

डोकी दिसायला नको असतील तर पॉकेट होलचा साचा मिळतो. फळीच्या खालच्या अंगाला 15 अंशांत तिरकं भोक पडतं, 18 मिमी प्लायला 32 मिमीचा स्क्रू. जोड पटकन होतो, पण घट्ट करताना फळी जराशी सरकते, म्हणून क्लॅम्प हवाच. खुंट्यांचा, म्हणजे डॉवेलचा जोड दिसायला सगळ्यांत नेटका. 8 मिमीच्या लाकडी खुंट्या आणि गोंद, धातूचं नाव नाही. पण समोरासमोरची भोकं अर्धा-एक मिलिमीटर हुकली की फळी तिरकी. चांगला साचा घेणार नसाल तर याच्या वाटेला जाऊ नये.

खाच वेगळी आहे. बाजूच्या आतल्या अंगाला 6 मिमी खोल आडवी खोबण कोरायची आणि फळी तिच्यात बसवायची. पुस्तकांचं वजन स्क्रूवर किंवा गोंदावर न येता लाकडावर टेकतं. वजन कमी नसतं. पुस्तकं फुटाला आठ-दहा किलो भरतात, म्हणजे 80 सेंमीच्या एका फळीवर वीस ते पंचवीस किलो. वर्षानुवर्षं जड ग्रंथ ठेवायचे असतील तर मी खाचेच्या बाजूने आहे.

पण खाचेला राउटर, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या बिटने लाकूड कोरणारं यंत्र लागतं. छोटा, एका हातात मावणारा ट्रिम राउटर पुरतो. खाच एका दमात न कोरता दोन-तीन फेऱ्यांत, तीनेक मिलिमीटर उतरत कोरायची. 18 मिमीचं बिट आणून एकाच रेषेत खाच पाडण्याचा मोह टाळा. 18 मिमी म्हणून मिळणारं प्लाय प्रत्यक्षात थोडं पातळ निघतं, मग फळी खाचेत खुळखुळते. बारीक बिट घ्या आणि दोन फेऱ्यांत हातातल्या फळीच्या जाडीची खाच करा. राउटर कर्कश असतो, भुसा खोलीभर उडवतो, आणि तो कोणत्या दिशेने ढकलायचा हे आधी रद्दी तुकड्यावर शिकावं लागतं. हातकरवतीने दोन चिरा घेऊन मधलं लाकूड पटाशीने काढणं सागासारख्या सलग लाकडात छान जमतं. प्लायमध्ये आडवे-उभे थर असतात. पटाशी एका थरात गुळगुळीत जाते आणि पुढच्यात तुकडे उडवते.

फळ्या हलवता येणाऱ्या हव्या असतील तर 5 मिमीच्या भोकांची रांग, भोकांत 32 मिमी अंतर, आणि पिना. यासाठी साचा किंवा सारख्या अंतरावर भोकं पाडलेली पट्टी पुरे. पण सगळ्याच फळ्या सुट्या ठेवू नका. मधली एक पक्की बसवली नाही तर उंच बाजू बाहेर फुगतात.

जोड कितीही भक्कम असला तरी लांब फळीला पोट सुटतंच. तेवढ्याच दाटीने पुस्तकं ठेवली तर वाक लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो: 80 सेंमीची फळी 100 सेंमी केली की जवळजवळ अडीचपट. म्हणून रुंद कपाटाचा हट्ट असेल तर मध्ये उभी फळी द्या, किंवा समोरच्या कडेला 40 मिमीची लाकडी पट्टी उभी चिकटवा. त्यासाठी वेगळं हत्यार लागत नाही, फक्त क्लॅम्प.

ड्रिल

कॉर्डलेस घ्यायचं तर 12 व्होल्टचं या कामाला पुरतं. 18 व्होल्टचं जड असतं. त्याची गरज मोठ्या भोकांना, लांब स्क्रूंना. पाहायची गोष्ट व्होल्ट नव्हे, क्लच. ठरलेला जोर आला की क्लच सुटतो आणि स्क्रू प्लायमध्ये खोल बुडत नाही. इम्पॅक्ट ड्रायव्हर (ठोके देत स्क्रू पिळणारं यंत्र) स्क्रू सुरेख मारतो, पण त्याला तसा क्लच नसतो. पहिलं आणि एकमेव यंत्र म्हणून तो नको. घरात जुनं वायरचं हॅमर ड्रिल पडलं असेल तर नवीन घेण्याची घाई नाही. हॅमर बंद करून भोकं त्याने पाडा, स्क्रू हाताने पिळा. चाळीसएक स्क्रू आहेत, मनगट दुखेल, काम होईल.

दुर्लक्षित राहतं ते

गुण्या, म्हणजे काटकोन आखायचं हत्यार. करवतीच्या किमतीचा छोटासा भाग यात घातला तरी कपाटाचा दर्जा वर जातो. घेताना तपासता येतो: सरळ कडेला टेकवून रेघ मारा, गुण्या उलटा करून त्याच बिंदूवर पुन्हा मारा. रेघा एकमेकींवर आल्या तर काटकोन खरा. कपाट जुळवल्यावर मात्र गुण्यापेक्षा टेप बरी. दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले की चौकट काटकोनात. मग लगेच पाठ ठोका, कारण कपाटाला डावी-उजवीकडे डुलू न देणारी तीच. टेपच्या टोकाचा हूक थोडा हलतो म्हणून ती परत करू नका. बाहेरून आणि आतून मोजताना हुकाची जाडी भरून निघावी म्हणून तो मुद्दाम तसा ठेवलेला असतो.

क्लॅम्प किमान चार, फळीच्या लांबीहून मोठे. स्क्रूच्या जोडाला दोनही चालतात, कारण स्क्रूच क्लॅम्पचं काम करतो. पांढऱ्या गोंदाच्या जोडाला अर्धा-एक तास दाब आणि पूर्ण ताकदीसाठी एक दिवस द्यायचा.

घासकामासाठी सँडर घ्यावा का? प्लायसाठी माझ्या मते नको. वरचा पापुद्रा मिलिमीटरहूनही पातळ असतो, आणि 80 नंबरचा कागद लावलेला सँडर तो क्षणात फाडून खालचा थर उघडा करतो. लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळलेला 120 आणि मग 180 चा कागद पुरे. सलग लाकडाचं कपाट असेल तर गणित बदलतं; तिथे सँडर आणि रंधा दोन्हींची किंमत वसूल होते.

गॉगल, कानाचं संरक्षण आणि मास्क इलेक्ट्रिक करवतीच्याच किमतीत धरा. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) कापणार असाल तर मास्क चांगल्या प्रतीचा घ्या, तो भुसा पिठाहून बारीक असतो. फिरत्या पात्याजवळ हातमोजे घालू नयेत; कापड अडकलं तर बोटासकट ओढलं जातं.

तुम्ही यातले कोण?

एकच कपाट, छोटी जागा, शेजारी जवळ: पट्ट्या कापून आणा, जपानी करवत, 12 व्होल्टचं ड्रिल, गुण्या, दोन क्लॅम्प. गोंद आणि स्क्रूचा जोड.

यानंतर टेबल, पलंग, आणखी कपाटं डोक्यात असतील आणि अंगण किंवा गच्ची हाताशी असेल, तर सर्क्युलर सॉ, बारीक दातांचं पातं आणि चार क्लॅम्प. राउटर दुसऱ्या कपाटाच्या वेळी घ्या. पहिल्यात स्क्रूने भागतं, आणि तोवर तुम्हाला हे काम खरंच आवडतं का तेही कळलेलं असतं.

कुठलंही कपाट केलं तरी एक हत्यार यादीत राहून जातं: भिंतीत भोक पाडायचं. 180 सेंमी उंच आणि 30 सेंमी खोल वस्तू मूल चढलं तर पुढे येते, म्हणून वरच्या फळीजवळ पट्टीने ती भिंतीला बांधायची. वीट किंवा काँक्रीट असेल तर हॅमर ड्रिल आणि मेसनरी बिट, बिटचा व्यास प्लगएवढाच. पोकळ भिंत असेल तर आतल्या उभ्या चौकटीत स्क्रू गेला पाहिजे. नुसत्या पातळ बोर्डात मारलेला प्लग पुस्तकांनी भरलेलं कपाट धरून ठेवणार नाही.