ऑटो-५: तीन कुबडवाल्या बंदुका, एक सामानाचा काटा आणि चौदा महिने

बॅग २३ किलोच्या आत बसते की नाही हे बघायला आपण सगळेच तो लटकवायचा काटा घेतो. गेल्या चौदा महिन्यांत मी त्याला बॅगांपेक्षा बंदुकाच जास्त वेळा लटकवल्या. घरच्यांनी यावर बोलणं आता सोडून दिलंय. झालं असं, की जुन्या ब्राउनिंग ऑटो-५ चा, म्हणजे पाठीला कुबड असलेल्या, बार निघाला की स्वतःच पुढचं काडतूस भरणाऱ्या छर्र्याच्या बंदुकीचा विषय निघाला की जो तो तिच्या प्रकारांच्या वजनावर येतो. स्टँडर्ड म्हणजे धोंडा, लाइट म्हणजे बरी, स्वीट सिक्स्टीन म्हणजे फूल. आणि माझ्या खांद्याला काही ते पटत नव्हतं.

मी आयोवात राहतो. रविवारी क्लबात ट्रॅप नाहीतर स्कीट (दोन्ही उडत्या थाळ्या, म्हणजे क्ले, फोडायचे खेळ), आणि ऑक्टोबरअखेर फेझंट या रानपक्ष्याच्या शिकारीचा मोसम लागला की मक्याच्या कापलेल्या रानातून पायपीट. तिन्ही बंदुका बेल्जियमच्या, एर्स्तालच्या एफएन कारखान्यातल्या. पहिली १९४९ ची स्टँडर्ड १२ बोअर (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप, आकडा मोठा तसं भोक लहान). दुसरी १९६३ ची लाइट ट्वेल्व्ह. बंदुकीवर कोरलेल्या नंबराच्या सुरुवातीला ३ आणि जी आहे. (१९५८ ते ६७ मधल्या नंबरात पहिला आकडा सालाचा शेवटचा अंक असतो. मग जी म्हणजे लाइट १२, एस म्हणजे स्वीट सिक्स्टीन, व्ही म्हणजे मॅग्नम. विकणारा काहीही सांगो, आधी हे वाचा.) तिसरी १९६१ ची स्वीट सिक्स्टीन, १६ बोअर. ती माझी नाही. क्लबातल्या एका आजोबांची आहे, पण अर्धा मोसम माझ्याकडेच होती.

काट्यावर स्टँडर्ड भरली ८ पौंड ३ औंस, म्हणजे ३.७१ किलो. तिला ३० इंची, रिब (नळीवरची नेम धरायची पट्टी) नसलेली, फुल चोकची (छर्रे कमी पसरावेत म्हणून तोंडाशी आवळलेली) नळी आहे. लाइट ७ पौंड ६ औंस, ३.३५ किलो. स्वीट सिक्स्टीन ६ पौंड १३ औंस, ३.०९ किलो. या दोघींना २८ इंची रिबवाल्या नळ्या. साधारण ८, सव्वासात आणि पावणेसात पौंड हे जे आकडे सांगितले जातात, त्याहून तिन्ही थोड्या जडच. रिबचे काही औंस वाढतात, आणि अक्रोडाचं लाकूड किती घट्ट त्यावरही फरक पडतो. पहिल्या आणि तिसरीत सहाशे ग्रॅमचं अंतर, अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीहून जास्त. दिवसभर रानात हिंडल्यावर ही पिशवी जाणवतेच, त्यात वाद नाही.

पण बार काढताना जाणवतं ते वेगळंच. एकदा लाइटची नळी स्टँडर्डवर चढवून पाहिली. माझ्या या जोडीत निम्म्याहून जास्त फरक एकट्या नळीतच निघाला. म्हणजे 'जड बंदूक' म्हणतो ती खरं तर पुढून जड असते. ट्रॅपवर क्ले समोरून दूर पळत असतो, तिथे हे वजन कामाला येतं: एकदा वळायला लागली की बंदूक आपणहून वळत राहते. स्टँडर्डने माझे २५ पैकी सरासरी २१ फुटायचे. स्वीट सिक्स्टीन हातात आली त्या महिन्यात १८ वर घसरलो. बंदूक क्लेच्या आधी पोचायची आणि मी तिथेच थबकायचो. स्कीटवर आणि पायाखालून भर्रकन उठणाऱ्या फेझंटवर मात्र उलटं. स्टँडर्ड खांद्याला लागेपर्यंत पक्षी कुंपणापार.

मॅगझिन (नळीखालचं काडतुसांचं नळकांडं) भरलं की गणित पुन्हा बदलतं. १२ बोअरचं मध्यम काडतूस साधारण ४५ ग्रॅम. चार काडतुसं म्हणजे १८० ग्रॅम, तेही नेमकं डाव्या हाताखाली. पहिल्या बाराची बंदूक आणि शेवटच्या बाराची बंदूक हाताला सारखी लागत नाही. लाइटमध्ये हे सगळ्यात जास्त जाणवलं.

आता धक्का. इथे मी स्वतःच्या अकलेने माती खाल्ली, म्हणून जरा सविस्तर. ऑटो-५ मध्ये बार निघाला की नळी आणि बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा खिट्टा) एकमेकांना धरूनच थेट मागे येतात. मग नळी सुटून पुढे जाते, रिकामं काडतूस बाहेर पडतं, आणि शेवटी बोल्ट नवं काडतूस घेऊन पुढे येतो. म्हणून खांद्याला एक ढकल आणि मागोमाग एक हिसका असे दोन टप्पे कळतात. मागे येणाऱ्या नळीला आवर घालायला मॅगझिनच्या नळकांड्यावर स्प्रिंग, तिच्या पुढे ब्राँझची चिरलेली कडी आणि एक तिरप्या कडेची पोलादी रिंग असते. जड काडतुसांसाठी पोलादी रिंग स्प्रिंग आणि ब्राँझच्या मध्ये, तिरपी कड ब्राँझकडे. हलक्या काडतुसांसाठी तीच रिंग काढून स्प्रिंगच्या मागे, रिसिव्हरला (बंदुकीच्या मधल्या धातूच्या गाभ्याला) टेकवून ठेवायची. बस, एवढंच.

स्टँडर्ड मी एका गन शोमध्ये घेतली. विकणारा म्हणाला, 'सगळं सेट आहे, घ्या आणि मारा.' मी फेझंटची सव्वा औंस छर्र्यांची, म्हणजे जड, काडतुसं घेऊन गेलो आणि पंधरा-वीस बार काढले. गालावर चापट बसत होती. मला वाटलं, जुनी बंदूक, असंच असणार. घरी येऊन टोपी फिरवली, नळी थोडी दाबून पुढचं लाकूड सरकवलं, तर रिंग मागे बसलेली आणि लाकडाच्या आतल्या अंगाला केसासारखी चीर. चूक विकणाऱ्याची जेवढी, तेवढीच न उघडता मारणाऱ्याची. रिंग जागेवर आणल्यावर तीच ३.७१ किलोची बंदूक अगदी शहाण्यासारखी वागायला लागली. पुढच्या महिन्यात दुसरा शहाणपणा केला: नळकांड्याला शिवणयंत्रासारखं तेल पाजलं. कडी घसरली, पुन्हा चापट. तेलाचा नुसता हात फिरवून कापडाने पुसून काढायचं, हे आजोबांनी दाखवलं. रिंग नीट बसलेली असेल तर स्टँडर्ड आणि लाइटच्या धक्क्यातला फरक शंभर बारांनंतर कळतो. रिंग चुकलेली असेल तर पहिल्याच बाराला.

'आजोबा' लिहिताना माझे सख्खे आठवले. सिंधुदुर्गात त्यांच्याकडे वानर-डुकरांसाठी शेतीसंरक्षण परवान्याची ठासणीची बंदूक होती. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा. तिचं वजन कधी कुणी केलं नाही. ठाण्यापर्यंत कोण नेणार यावरून घरात भांडण व्हायचं, तेच तिचं वजन.

इतर गोष्टी थोडक्यात. १९४९ च्या बंदुकीची सेफ्टी चापाच्या कड्यात पुढच्या बाजूला आहे, म्हणजे चापाशेजारीच बोट घालायचं. मला ती आजही आवडत नाही. लाइट आणि स्वीट सिक्स्टीनला चापामागे आडवं बटण आहे, शिवाय बोल्ट मागे अडकवून मॅगझिनमध्ये काडतूस ढकललं की ते आपणहून नळीत जातं. थंडीत हातमोजे घातलेले असताना याची किंमत शंभर ग्रॅमहून जास्त. ट्रॅपच्या रांगेत रिकामी काडतुसं उजवीकडच्या माणसाच्या दंडावर पडतात. पहिल्याच रविवारी बोलणी खाल्ली, तेव्हापासून काडतूस अडवायची क्लिप लावतो.

क्लबात एकाकडे रेमिंग्टन मॉडेल ११ आहे. जॉन ब्राउनिंगचीच रचना, १९०५ पासून अमेरिकेत बनलेली. स्वामित्वधनावरून विंचेस्टर कंपनीशी ब्राउनिंगचं फिसकटलं, मग १९०२ च्या जानेवारीत तो रेमिंग्टनच्या कचेरीत थांबलेला असतानाच तिथले अध्यक्ष हार्टली वारले, आणि बंदूक बेल्जियमला गेली. मॉडेल ११ ला मॅगझिनमधून काडतूस येणं थांबवायची कळ नाही. बाकी हातात स्टँडर्डची सख्खी बहीण. दुसऱ्या एकाची फ्रांकी ४८ एएल, २० बोअर, साडेपाच पौंडांच्या आसपास. हलक्या मिश्रधातूचा रिसिव्हर. चालायला स्वर्ग. पण धक्का असा, की काडतुसांचं एक खोकं संपवल्यावर मी ती हसत परत केली.

सध्या ट्रॅपला स्टँडर्ड (लाकडाला आतून इपॉक्सी), बाकी सगळीकडे लाइट. या जुन्या ठराविक चोकच्या नळ्यांतून मी पोलादी छर्रे मारत नाही, आणि पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छर्रे अमेरिकेत देशभर १९९१ पासून बंद, त्यामुळे बदकांचा प्रश्न नाही. स्वीट सिक्स्टीन परत दिली. १६ बोअर घेणाऱ्यांनी एक बघावं: दुसऱ्या महायुद्धाआधीच्या काहींचा चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) ६५ मिलिमीटरचा असतो, आजची ७० मिलिमीटरची काडतुसं त्यात घालू नका, आधी बंदूक कारागिराकडून मोजून घ्या. आजोबांची ७० ची आहे, मी मोजून घेतलीय. विकायची झाली तर पहिला फोन मला करीन, असं ते म्हणालेत. १६ बोअरची काडतुसं दुकानात सहज दिसत नाहीत, म्हणून चार खोकी आत्ताच घेऊन ठेवलीत.