तोबा सरोवराची तीन दिवसांची भूशास्त्रीय सहल : सविस्तर अभिप्राय

इंडोनेशियातील सुमात्रा बेटावर असलेल्या तोबा सरोवराची भूशास्त्रीय सहल आम्ही उभयतांनी जुलै महिन्यात केली. सरोवरातील सामोसिर बेटावर तुकतुक नावाचे गाव आहे. तेथील एका घरगुती निवासामार्फत आम्ही तीन दिवसांसाठी गाडी, एक दिवस होडी आणि पूर्ण वेळ एक बाटक, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी समाजातला, वाटाड्या अशी व्यवस्था ठरवली होती. सहल संपूर्णतः खडकांसाठी होती. खरेदीचे थांबे नकोत आणि प्रत्येक उघड्या दरडीपाशी किमान अर्धा तास हवा, असे आम्ही आधीच कळवले होते. ही अट त्यांनी तिन्ही दिवस पाळली, हे सुरुवातीलाच नमूद करते.

इतक्या दूर जाण्यामागे एक कारण होते. माझे माहेर जुन्नर तालुक्यातले. आळेफाट्याच्या परिसरात बोरी बुद्रुक येथे कुकडीच्या काठच्या दरडीत ज्वालामुखीच्या राखेचा पांढरट थर आहे, आणि त्याच्या सान्निध्यात अश्मयुगीन हातकुऱ्हाडी सापडल्या आहेत. भूगोल शिकवत असताना मी अनेक वर्षे मुलांना तो थर दाखवायला नेत असे. आपल्या सह्याद्रीतला लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. ही राख त्याच्या तुलनेत अगदी कालची, आणि ती आपल्याकडची नाहीच. काचेच्या सूक्ष्म कणांच्या रासायनिक तपासणीवरून ती सुमारे सव्वातीन हजार किलोमीटरवरच्या तोबातून आली, असे अभ्यासकांनी ठरवले. जिथून ती निघाली ते ठिकाण डोळ्यांनी पाहावे, ही इच्छा फार दिवस मनात होती.

पहिल्या दिवशी वाटाड्याने आम्हाला बेरास्तागी येथून घेतले आणि सरोवराच्या उत्तर टोकाला सिपिसोपिसो धबधब्यापाशी आणले. वयाने ते साठीच्या घरातले असल्यामुळे आम्ही त्यांना तिथल्या रीतीप्रमाणे ‘आमांग’ म्हणजे वडील असेच म्हणत होतो. बहुतेक प्रवासी येथे धबधब्याचे छायाचित्र काढून निघून जातात. आमांगनी आम्हाला धबधब्याकडे पाठ करून उभे केले आणि आपण ज्या सपाट पठारावरून आलो, ते आधी पाहायला सांगितले. हे पठार ज्वालामुखीच्या तप्त राखेच्या लोंढ्यांनी भरून निघालेले आहे. अशा लोंढ्यांचे थर तोबाभोवती किमान २०,००० चौरस किलोमीटर भूभागावर पसरलेले आहेत. त्यानंतर वळून पाहिले, तेव्हा पठार एकाएकी तुटून खाली सरोवर दिसले आणि समोरचा काठ धुक्यात हरवलेला होता. लोणारचे सरोवर पाहिलेल्या माणसाला येथे सवय मोडावी लागते. लोणारचा व्यास पावणेदोन किलोमीटरच्या आसपास आहे, ते उल्कापाताने झालेले आहे आणि काठावर उभे राहिले की पूर्ण नजरेत मावते. तोबाचे कुंड सुमारे १०० किलोमीटर लांब आणि ३० किलोमीटर रुंद आहे. एका जागी उभे राहून ते ‘ज्वालामुखी’ म्हणून ओळखूच येत नाही. ते डोंगरांनी वेढलेले एक मोठे खोरे वाटते. म्हणूनच येथे जाणता माणूस सोबत असणे आवश्यक आहे.

पारापातकडे जाताना रस्त्यासाठी कापलेल्या एका दरडीपाशी गाडी थांबली, आणि या सहलीतला माझ्या दृष्टीने सर्वात मोलाचा पाऊण तास तिथे गेला. दरड फिकट करडी, किंचित गुलाबी झाक असलेली होती. भिंगातून पाहिल्यावर गारगोटीचे, म्हणजे क्वार्ट्झचे, स्वच्छ काचेसारखे स्फटिक दिसले. त्यांतले काही ज्वारीच्या दाण्याएवढे होते. त्यांच्यामध्ये काळ्या अभ्रकाच्या चमकत्या पातळ चकत्या होत्या, आणि अधूनमधून प्यूमिसचे, म्हणजे ज्वालामुखीच्या सच्छिद्र हलक्या दगडाचे, दबून चपटे झालेले तुकडे, जणू कोणी ओल्या कणकेत बोटाने दाबून बसवलेले. हे चपटेपण फार बोलके आहे. राख पडली तेव्हा ती इतकी तापलेली आणि तिचा थर इतका जाड होता, की खालचे कण वरच्या भाराने एकमेकांना चिकटले आणि त्याचा खडक झाला. आमांगनी दरडीवर हातोडा चालवू दिला नाही आणि तुकडाही उचलू दिला नाही. हा परिसर २०२० पासून युनेस्कोच्या जागतिक भू-उद्यानांत गणला जातो. त्यांचा आग्रह मला पूर्णपणे योग्य वाटला. बोरीच्या थरालाही असे कोणी राखणारे मिळायला हवे.

आपल्या घाटातला काळा कातळ ज्याच्या डोळ्यांत बसलेला आहे, त्याला हा खडक परका वाटतो, आणि त्या परकेपणातच दोन्हीकडच्या उद्रेकांतला फरक आहे. आपल्या बेसाल्टमध्ये, म्हणजे त्या काळ्या कातळात, सिलिका (गारगोटी जिची बनलेली असते तो घटक) निम्म्याच्या आसपास असते. असा शिलारस पातळ असतो, त्यातला वायू सहज निघून जातो आणि लाव्हा भेगांतून बाहेर येऊन थरावर थर पसरत जातो. नाणेघाटाच्या कड्यावर हे थर मोजता येतात. तोबाच्या शिलारसात सिलिकेचे प्रमाण ६८ ते ७६ टक्क्यांच्या दरम्यान होते. असा शिलारस घट्ट आणि चिकट असतो, वायू त्यात कोंडून राहतो, आणि वरचा दाब कमी होताच तो फेसाळून फुटतो. ही सगळी मांडणी आमांगनी आमच्या घाटाची छायाचित्रे माझ्या फोनवर मागून घेऊन, दोन्ही खडक शेजारी ठेवून केली. आलेल्या पाहुण्याच्या गावचा दगड विचारणारा वाटाडी मी पहिल्यांदाच पाहिला.

संध्याकाळी निवासाच्या ओसरीवर त्यांनी एक प्रयोग करून दाखवला. परातीत फुगा ठेवून त्यावर तांदळाचे पीठ दाबून भरले आणि फुग्यातली हवा हळूहळू सोडली. पिठाचा मधला भाग खाली बसला, कडेला गोल चिरा पडल्या आणि पायऱ्या पायऱ्यांचा काठ तयार झाला. धाब्याच्या घराखालचे खांब काढावेत आणि छत अख्खेच्या अख्खे खाली बसावे, तसे कॅल्डेऱ्याचे, म्हणजे अशा कोसळून झालेल्या कुंडाचे, होते. शिलारसाचा साठा रिकामा होतो, वरच्या भूभागाला आधार उरत नाही आणि तो वर्तुळाकार भेगांवरून खाली घसरतो. त्यानंतर आमांगनी फुग्यात थोडी हवा पुन्हा भरली आणि बसलेल्या पिठाचा मध्यभाग उचलला गेला. “हे सामोसिर,” ते म्हणाले. आम्ही त्या क्षणी त्याच सामोसिरवर बसलो होतो.

उद्रेकांचा क्रम मात्र आमांगपेक्षा मी येथे अधिक नीट मांडते, कारण त्यांनी तो थोडा घाईत सांगितला. तोबाचे आजचे कुंड एका दिवसाचे काम नाही. सुमारे १२ लाख वर्षांपूर्वी उत्तर भागात पहिला मोठा उद्रेक झाला आणि त्यातून साधारण ३५ घन किलोमीटर शिलारस बाहेर आला. त्यानंतर सुमारे ८ लाख वर्षांपूर्वी दक्षिणेकडे पोर्सेआच्या बाजूला त्याहून कितीतरी मोठा उद्रेक झाला, आणि सुमारे ५ लाख वर्षांपूर्वी पुन्हा उत्तरेकडे हारांगाओलजवळ सुमारे ६० घन किलोमीटरचा. शेवटचा, सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीचा उद्रेक या सर्वांना गिळून टाकणारा होता. त्यात घन खडकाच्या हिशेबाने, म्हणजे राखेतल्या पोकळ्या वगळून, किमान २,८०० घन किलोमीटर शिलारस बाहेर पडला, असा प्रचलित अंदाज आहे. काही अलीकडच्या गणिती अभ्यासांत तो याहूनही अधिक निघतो. १८१५ साली तांबोरा ज्वालामुखीचा जो प्रचंड उद्रेक झाला आणि ज्यामुळे पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच झाला नाही असे म्हणतात, त्याचा शिलारस याच हिशेबाने ४० घन किलोमीटरच्या आसपास होता. या शेवटच्या उद्रेकात जुनी सारी कुंडे एकत्र कोसळून आजचे एकच लांबट कुंड झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडीने सामोसिरच्या पूर्व किनाऱ्यालगत फिरलो. होडी चांगली, जीवरक्षक जाकिटे मापाची आणि चालक सावध होता. सरोवराच्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे आणि खोली ५०० मीटरच्या आसपास जाते. पूर्वेकडून सामोसिरचा कडा भिंतीसारखा उभा दिसतो, कारण तो एका मोठ्या भेगेवरून वर उचलला गेलेला आहे. पश्चिमेकडे मात्र बेट अलगद उतरत जाते. तुकतुकचा उंचवटा हा त्या भेगेपाशी वर आलेल्या चिकट लाव्ह्याचा घुमट आहे, म्हणजे आमचे निवासस्थानच एका छोट्या ज्वालामुखीय घुमटावर होते.

दुपारी गाडीने बेटाच्या माथ्यावर गेलो. तेथे रस्त्याच्या कडेला वहीच्या पानांसारखे पातळ, पांढरे आणि राखाडी थर दिसले. बोटाने चोळल्यावर पिठासारखी पूड हाताला लागली. हा सरोवराच्या तळाशी साचलेला गाळ आहे आणि त्यात डायाटम या सूक्ष्म शैवालांचे सांगाडे आहेत. आज तो सरोवराच्या पाण्यापेक्षा कित्येकशे मीटर उंचावर आहे. कुंड कोसळले, त्यात पाणी साचले, पाण्यात गाळ बसला, आणि नंतर खालून पुन्हा भरत गेलेल्या शिलारसाने तो तळ सरोवराबाहेर काढला. ज्या शेतात आम्ही उभे होतो तिथे एक बाई भाताची रोपे लावत होत्या, आणि त्यांच्या बांधाची माती तीच पांढरी होती. या बेटाला सरोवराच्या मध्यभागी उगवलेला ज्वालामुखीचा सुळका समजणाऱ्यांनी ही दरड अवश्य पाहावी.

तिसरा दिवस पांगुरुरान आणि पुसुक बुहित पर्वताचा होता. पुसुक बुहित हा कुंडाच्या पश्चिम काठावर शेवटच्या उद्रेकानंतर वाढलेला ज्वालामुखी आहे, आणि बाटक लोक आपला आदिपुरुष या पर्वतावर अवतरला असे मानतात. आमांग तिथे पोहोचल्यावर काही वेळ स्तब्ध उभे राहिले, आणि आम्हीही. पायथ्याचे गरम पाण्याचे झरे खालची उष्णता अजून शिल्लक असल्याचे सांगतात. नोंदवलेल्या इतिहासात तोबाचा उद्रेक झालेला नाही. मात्र भूकंपलहरींच्या अभ्यासात काही किलोमीटर खोलवर शिलारसाच्या आडव्या चादरी एकावर एक असल्याचे दिसून आले आहे. पुढे तेले येथील उंचवट्यावरून संपूर्ण पश्चिम काठ दिसतो असे ऐकले होते, परंतु आम्हाला धुक्यामुळे काहीच दिसले नाही. तेले सकाळी लवकर ठेवले असते तर कदाचित दिसले असते. क्रम बदलून मागणे शहाणपणाचे ठरेल.

आता तक्रार. निवासातर्फे दिलेल्या छापील पत्रकात दोन गोष्टी निर्विवाद सत्य म्हणून दिल्या आहेत : तोबाच्या उद्रेकाने मानवजात जवळजवळ नष्ट झाली, आणि भारतात सापडणारी तोबाची सगळी राख याच शेवटच्या उद्रेकाची आहे. पहिली कल्पना १९९८ साली मांडली गेली आणि ती लोकप्रियही झाली; पण आंध्र प्रदेशातील ज्वालापुरम येथे राखेच्या थराखाली आणि वरही दगडी हत्यारे मिळाली आहेत, आणि आफ्रिकेतील मलावी सरोवराच्या गाळात त्या काळी हवामान फार थंड झाल्याच्या खुणा दिसलेल्या नाहीत. दुसऱ्या विधानाचा संबंध थेट आमच्या गावाशी येतो. बोरीच्या राखेचे वय आधी सुमारे १४ लाख वर्षे, मग पावणेसात लाख वर्षांच्या आसपास सांगितले गेले. नंतर ती शेवटच्या उद्रेकाचीच, असे काहींनी मांडले, तर तिथल्या हातकुऱ्हाडी इतक्या अलीकडच्या असू शकत नाहीत म्हणून ती तोबाच्या जुन्या उद्रेकाची असावी, असे इतर म्हणतात. शिवाय नदीने राख वाहून आणून साचवलेली असल्यामुळे थराची जाडी पाहून आकाशातून तेवढी राख पडली, असे समजणेही चूक ठरते. मी हे आमांगना सांगितले. त्यांनी मध्येच न तोडता ऐकून घेतले, वहीत ‘बोरी’ आणि ‘कुकडी’ ही नावे माझ्याकडून अक्षरे विचारून लिहून घेतली, आणि पत्रक आपण लिहिलेले नाही असे सांगितले. पत्रक बदलले जावे, असे मी निवासाच्या मालकीणबाईंनाही कळवले आहे. ज्या व्यवस्थेचा सगळा भर खडक नीट वाचण्यावर आहे, तिच्या कागदावर असे सरसकट विधान शोभत नाही.

जेवण साधे आणि गरम होते. शाकाहारी लोकांनी आधी सांगितल्यास भात, भाजी, टोफू आणि टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) मिळते. भातावरची तिखट चटणी मात्र मासळीविरहित आहे ना, हे प्रत्येक वेळी विचारावे लागते. चढण फारशी नाही, परंतु बेटाच्या माथ्यावरचे रस्ते खड्ड्यांचे असल्याने पाठीचा त्रास असणाऱ्यांनी विचार करावा. भिंग त्यांच्याकडे एकच आहे, म्हणून आपले सोबत न्यावे. पारापातच्या वाटेवरची दरड सकाळच्या उन्हात पाहण्याची विनंती करावी, कारण दुपारनंतर ती सावलीत जाते आणि गारगोटीची चमक दिसत नाही. आणि नोंदणी करतानाच खडकांची माहिती असलेला, वयाने मोठा वाटाडी हवा, असे स्पष्ट लिहावे. त्याच निवासाकडे फिरायला नेणारे तरुण वाटाडेही आहेत, पण आमच्या शेजारच्या खोलीतल्या कुटुंबाला मिळालेल्या वाटाड्याने त्या दरडीपाशी गाडी थांबवलीच नव्हती.