धोरणासाठी पुरावा: यादृच्छिक चाचणी की दीर्घकालीन प्रयोग?

शेती आणि अन्नविषयक राष्ट्रीय धोरण ठरवताना सरकारला पुरावा मुख्यतः दोन प्रकारे मिळवता येतो. पहिला मार्ग यादृच्छिक चाचणीचा, म्हणजे योजना आधी कोणाला द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवण्याचा आणि मग दोन्ही गटांची तुलना करण्याचा आहे. मेक्सिकोने १९९७ मध्ये ‘प्रोग्रेसा’ ही मुलांना शाळेत पाठवण्यासारख्या अटींवर रोख मदत देणारी योजना सुरू केली, तेव्हा अभ्यासातील ५०६ गावांपैकी चिठ्ठीपद्धतीने निवडलेल्या ३२० गावांतील गरीब कुटुंबांना आधी रोख मदत मिळाली आणि उरलेल्या १८६ गावांना ती नंतर मिळाली. त्यामुळे शाळेतील हजेरीत पडलेला फरक योजनेमुळेच पडला, हे ठामपणे सांगता आले आणि २००० मधील सत्तांतरानंतरही योजना टिकली.

दुसऱ्या मार्गाला, म्हणजे दीर्घकालीन प्रयोगाला, फार धीर लागतो. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे १८४३ पासून गव्हाच्या एकाच शेतात काही पट्ट्यांना शेणखत, काहींना रासायनिक खत दिले जाते, तर एका पट्ट्याला काहीच दिले जात नाही. जमिनीतील सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या वनस्पती व शेणखतातून येणारा कार्बन, जो जमीन सुपीक ठेवतो) दशकांच्या गतीने बदलतो, म्हणून दोन-तीन हंगामांची चाचणी पिकाचे उत्पादन दाखवते, पण जमिनीचे काय झाले ते सांगू शकत नाही. अर्थात, एका शेताचा निष्कर्ष सर्व हवामानांना लागू होत नाही.

माझ्या मते रोख मदतीसाठी पहिला मार्ग निर्विवाद सरस आहे. खतांच्या अनुदानाचा निर्णय मात्र दुसऱ्याशिवाय घेऊच नये.