मॉक इंटरव्ह्यू ॲप: अकाउंट्सच्या नोकरीसाठी काही महिने वापरल्यावर

नोकरी लागली, ॲपमधला प्लॅन बंद केला, 'सबस्क्रिप्शन रद्द झाले' असं स्क्रीनवर आलं, त्याचा स्क्रीनशॉट ठेवला. तरी पुढच्या महिन्यात ठरल्या तारखेला खात्यातून ४९९ रुपये गेले. रक्कम लहान आहे, पण कशापोटी गेली हे सांगता येत नाही असा खर्च मी दुसऱ्याच्या वह्यांतही चालवून घेत नाही. त्यामुळे बरेच दिवस मनात असलेलं आता लिहूनच टाकते.

ॲपचं नाव देत नाही. या जातीची ॲप्स तुम्ही पाहिलीच असतील. स्क्रीनवर प्रश्न येतो, कॅमेऱ्यासमोर उत्तर द्यायचं, शेवटी शंभरपैकी गुण. फीचर्सची यादी सगळीकडे मिळते, म्हणून थेट वापराबद्दल सांगते.

मी नाशिकची. सीए ऑफिसमध्ये बरीच वर्षं काम केलं, मग मुलगी लहान आणि त्यातच सासूबाईंचं आजारपण, म्हणून नोकरी सोडली. परत सुरुवात करायची तेव्हा सातपूर आणि अंबडच्या एमआयडीसीत अकाउंट्स एक्झिक्युटिव्हच्या जागा बघत होते. कामाची भीती नव्हती. समोरच्या खुर्चीवरून प्रश्न येतील याची होती, म्हणून ॲप घेतलं.

आता या ॲपचा मला सर्वांत खटकलेला भाग. ते तुमचं थांबणं मोजतं. दोन-अडीच सेकंद गप्प राहिलात की खालची पट्टी लाल होते आणि शेवटी 'आत्मविश्वास' नावाच्या रकान्यात गुण कापले जातात. बाकी कुणाला ही बारीकशी गोष्ट वाटेल. मला ती या ॲपची मुळातलीच चूक वाटते, कारण आमच्या कामात न थांबता बोलणारा माणूस धोक्याचा असतो.

एक प्रश्न घ्या. (यात २बी म्हणजे सप्लायरांनी भरलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टलवर तयार होणारी आपल्या खरेदीची यादी, आणि ३बी म्हणजे आपण भरायचं जीएसटी रिटर्न.) 'सप्लायरचं बिल तुमच्याकडे आहे, एंट्रीही झाली आहे, पण जीएसटीआर-२बी मध्ये दिसत नाही. ३बी भरताना काय कराल?' हे विचारल्यावर मनात आधी चार गोष्टी येतात. सप्लायर दर महिन्याला रिटर्न भरतो की तिमाहीवाला आहे? त्याने बिल दुसऱ्याच जीएसटी नंबरवर तर टाकलं नाही ना? बिलाची तारीख कुठल्या महिन्यातली? माल आला का? एवढं मनात फिरवायला चार-पाच सेकंद लागतातच. मग उत्तर येतं: १ जानेवारी २०२२ पासून २बी मध्ये आल्याशिवाय क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट, घेता येत नाही, त्यामुळे या महिन्यात घेणार नाही, वेगळ्या यादीत ठेवेन, सप्लायरला फोन आणि मेल करेन, पुढच्या २बी मध्ये आलं की घेईन. उत्तर बरोबर, मांडणी नीट, आणि ॲपने 'आत्मविश्वास' रकान्यात शंभरपैकी चाळीसच्या आसपास टेकवलं. तेच उत्तर पाठ करून धडाधड म्हटलं तर नव्वदीच्या घरात गुण मिळाले. म्हणजे ॲप मला काय शिकवत होतं? विचार दिसू देऊ नका.

अंबडला एका फॅब्रिकेशनवाल्या कंपनीत मुलाखतीला गेले, तिथे मालकांबरोबर त्यांचे बाहेरचे सीए बसले होते. त्यांनी विचारलं, "मॅडम, सप्लायर मायक्रो युनिट आहे, बिल फेब्रुवारीचं, पेमेंट अजून झालेलं नाही. मार्चला काय बघाल?" मी थांबले. चांगली थांबले. सप्लायर उद्यमवर, म्हणजे लघुउद्योगांच्या सरकारी पोर्टलवर, नोंदलेला आहे का आणि ट्रेडर तर नाही ना, हे आधी विचारलं. लेखी करार आहे का, तेही विचारलं. मग १९६१ च्या आयकर कायद्यातलं ४३बी(एच) कलम सांगितलं: करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५, आणि मुदत उलटून वर्षअखेरीस रक्कम बाकी राहिली तर तो खर्च त्या वर्षी मिळत नाही, ज्या वर्षी पैसे देऊ त्या वर्षी मिळतो. मी विचार करत होते तेवढा वेळ ते सीए शांत बसून होते. नंतर म्हणाले, "विचारून उत्तर दिलंत, हे बरं केलंत." त्या एका वाक्याने माझं त्या लाल पट्टीबद्दलचं मत कायमचं ठरलं.

दुसरी तक्रार त्याहून साधी आणि जास्त गंभीर आहे. प्रश्नसंच जुना आहे. टीडीएसच्या भागात '१९४जे ची मर्यादा किती?' (म्हणजे व्यावसायिक फी किती रकमेपुढे गेली की टीडीएस कापायचा) असा प्रश्न आला, मी ५० हजार सांगितलं, ॲपने चूक दाखवलं आणि 'बरोबर उत्तर: ३० हजार' असं लिहिलं. ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून ५० हजार झाली आहे. भाड्याचंही तेच. १९४आय मध्ये पूर्वी वर्षाला २ लाख ४० हजार होते, त्याच तारखेपासून महिन्याला ५० हजार झाले. ॲप अजून जुन्या आकड्यावर होतं. मी मदतकेंद्राच्या चॅटवर सगळं लिहून पाठवलं. 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे' असं उत्तर आलं. पुन्हा पाठवलं, पुन्हा तेच वाक्य. मला उत्तर माहीत होतं म्हणून ठीक. नुकती बी.कॉम. झालेली मुलगी हे पाठ करून मुलाखतीत सांगेल तर तिचं नुकसान कोण भरून देणार? गुण देणाऱ्याकडे आधी बरोबर उत्तर असलं पाहिजे, ही अपेक्षा मला जास्त वाटत नाही.

इथपर्यंत वाचून वाटेल की ॲप टाकाऊ आहे. पहिल्या काही आठवड्यांत माझंही तसंच मत होतं. ते एका गोष्टीने बदललं. आपण बोललेलं ॲप अक्षरशः लिहून दाखवतं, आणि ती नोंद खरंच उपयोगी आहे.

'स्वतःबद्दल सांगा' या प्रश्नाची तयारी कुणी मनापासून करत नाही, कारण वाटतं, यात काय सांगायचं, आपलंच तर आहे. माझं बोलणं लिहून समोर आलं तेव्हा दिसलं की टॅली, २बीचा मेळ, फायनलायझेशन (वर्षअखेरचे हिशेब पक्के करणं) हे शब्द सगळ्यात शेवटी आहेत, आणि त्याआधी शाळा, कॉलेज, लग्न, घर. समोरच्याला हवं ते वर आणलं आणि उत्तर साधारण असं झालं: "मी सीए ऑफिसमध्ये ट्रेडिंग आणि मॅन्युफॅक्चरिंगच्या क्लायंटची टॅलीतली एंट्री ते फायनलायझेशन असं काम केलं आहे. जीएसटीआर-१, ३बी आणि २बीचा मेळ मी स्वतः करत होते, टीडीएसचं तिमाही रिटर्नही. घरच्या जबाबदारीमुळे मधे काम थांबवलं होतं, आता मी त्यातून मोकळी झाले आहे. तुमच्याकडे जॉबवर्कचं काम आहे असं कळलं, त्यातलं चलन आणि आयटीसी-०४ मी पाहिलेलं आहे." (आयटीसी-०४ म्हणजे जॉबवर्कला पाठवलेल्या मालाचा जीएसटी फॉर्म.) शेवटचं वाक्य प्रत्येक कंपनीला वेगळं. एवढ्यावर समोरचा पुढचा प्रश्न स्वतःहून कामावर विचारतो, आणि मग आपण आपल्या मैदानात असतो.

'उणीव सांगा' या प्रश्नाला ॲप सुचवतं की मी कामात फार काटेकोर आहे वगैरे म्हणा. असलं उत्तर देऊ नका. रोज माणसं घेणाऱ्याने ते शेकडो वेळा ऐकलेलं असतं. मी खरं ते सांगितलं: एक्सपोर्टचं बिलिंग मी केलेलं नाही, एलयूटी (कर न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र) म्हणजे काय ते माहीत आहे, त्याचा आरएफडी-११ फॉर्म स्वतः भरलेला नाही, शिकायला वेळ लागेल. ही उणीव त्यांच्या रोजच्या कामात आडवी येत नव्हती, आणि मला नेमकं काय येतं हेही त्यांना त्यातून आपोआप समजलं.

पण या ॲपमध्ये जे प्रश्न नाहीतच, ते मला प्रत्येक मुलाखतीत आले. "घरी कोण कोण असतं?" "मुलगी किती वर्षांची?" "उशीर झाला तर थांबाल ना?" हे प्रश्न फक्त बायकांना विचारले जातात. विचारू नयेत असं माझं ठाम मत आहे. पण नोकरी हवी असते आणि प्रश्न समोर येतो, तेव्हा तत्त्वाच्या जोडीला उत्तरही तयार लागतं. मी घराबद्दल काही न सांगता तारखांबद्दल सांगायचं ठरवलं. "७ तारखेला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, २० ला ३बी. या तारखांच्या आधीचा एकेक दिवस मी काम संपेपर्यंत थांबेन. एरवी साडेसहाला निघेन." हे ऐकल्यावर एकाही ठिकाणी पुढचा प्रश्न मुलीवर आला नाही. ज्या बहिणी खंडानंतर परत येत आहेत त्यांनी आपापल्या कामाच्या तारखा घालून हे वाक्य बसवून घ्यावं. ॲपला हा प्रश्न घाला म्हणून लिहिलं होतं. त्यालाही तेच मोलाचं उत्तर आलं.

पगाराच्या प्रश्नावरही ॲपचा सल्ला मोठ्या शहरातल्या मोठ्या कंपनीचा आहे: आकडा सांगू नका, टप्पा सांगा, बाजारभाव सांगा. अंबडला मालक सरळ विचारतात, "हातात किती पाहिजेत?" तिथे आकडाच सांगावा लागतो, आणि तो पीएफ धरून आधी घरी मांडलेला असावा. हातात २८ हजार हवे असतील तर ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा पगार, ३० हजार लागतं: १५ हजारांच्या मर्यादेवर १२ टक्क्यांप्रमाणे पीएफ १,८०० आणि प्रोफेशनल टॅक्स २००. फेब्रुवारीत तो ३०० होतो. पण कंपनी '३० हजार सीटीसी' (कंपनीला पडणारा एकूण खर्च) म्हणाली आणि मालकाचा १,८०० चा वाटाही त्यातच धरला, तर ग्रॉस २८,२०० आणि हातात २६,२०० च. त्यात ग्रॅच्युइटीही मूळ पगाराच्या ४.८१ टक्क्यांनी घातली तर आणखी कमी. म्हणून "तुमचा पीएफचा वाटा यात आहे का?" हे तिथल्या तिथे विचारा. मी विचारलं, आणि अकाउंट्सच्या जागेसाठी आलेल्या बाईने हे विचारावं याचं कुणाला वाईट वाटलं नाही.

आता पैशांबद्दल. यूपीआय ऑटोपेमध्ये पिन फक्त सुरुवातीला लागतो, पुढचे १५ हजारांपर्यंतचे हप्ते पिनशिवाय जातात. २४ तास आधी सूचना द्यायचं बंधन असतं, तशी ती मलाही आली. मी तेव्हाच चॅटवर रद्द केल्याचा स्क्रीनशॉट टाकला. 'पैसे कापले जाणार नाहीत' असं लेखी उत्तर मिळालं, आणि दुसऱ्या दिवशी कापले गेले. मग आधी यूपीआय ॲपमध्ये जाऊन तिथलं मँडेट, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे घ्यायची परवानगी, स्वतः रद्द केलं. हे ध्यानात ठेवा: मोबाइलमधून ॲप काढून टाकल्याने मँडेट जात नाही, आणि ॲपमध्ये 'रद्द' दाबल्यावर ते समोरच्याने खरंच बंद केलं का हे यूपीआय ॲपच्या ऑटोपे यादीतच दिसतं. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ ला फोन केला, तक्रार क्रमांक घेतला आणि कंपनीला मेल पाठवला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नबद्दल, म्हणजे ॲप-वेबसाइटवर ग्राहकाला फसवणाऱ्या रचनांबद्दल, जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातल्या १३ प्रकारांत 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' आहे, एवढं एक वाक्य मेलमध्ये घातलं. चॅटवर आठवडे हलत नव्हतं ते त्या मेलनंतर हललं, पैसे खात्यात आले. सोबत माफीचा एक शब्द नव्हता.

ॲप घ्यायचं का, असं मला नणंदेच्या मुलीने विचारलं. तिचं बी.कॉम. झालं आहे, टॅलीचा कोर्स चालू आहे. मी तिला म्हटलं, एकच महिना घे, वर्षाचा प्लॅन कितीही स्वस्त दाखवला तरी नको, आणि पैसे दिल्या दिवशीच मँडेट बंद कर. त्या महिन्यात फक्त 'स्वतःबद्दल सांगा', 'आधीची नोकरी का सोडली' आणि 'इथेच का' हे तीन प्रश्न बोलून त्याची लिखित नोंद वाच, रोज एक. गुणांचा रकाना बघू नकोस. टीडीएस आणि जीएसटीचे प्रश्न ॲपवर करू नकोस, ते मी घेईन. काल तिला विचारलं, महिला कर्मचाऱ्याचा पगार २४ हजार असेल तर महाराष्ट्रात प्रोफेशनल टॅक्स किती कापायचा? बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मामी, २५ हजारांपर्यंत शून्य ना?" बरोबर आहे, १ एप्रिल २०२३ पासून. पुढच्या रविवारी तिची २बी घेणार आहे.