नदीची घळ बघायला वरचा कडा गाठायचा की खाली उतरायचं?

एका दिवसात होणारा, मध्यम दमाचा ट्रेक करून नदीची घळ बघायचीय म्हटलं की बहुतेक वेळा दोन पर्याय समोर येतात. एक म्हणजे पायथ्यापासून चढत जाऊन कड्यावरच्या व्ह्यूपॉइंटवरून खाली नदी बघायची, दुसरा म्हणजे गाडी वर पठारावरच सोडायची आणि घळीत उतरून, नदीच्या जरा वरच्या टप्प्यावरून ते उभे कडे बघायचे. फोटो दोन्हीकडचे भारी येतात, त्यामुळे लोक फोटो बघूनच ठरवतात. माझं म्हणणं एवढंच आहे की चढ दिवसाच्या कुठल्या वेळी येतो ते बघून ठरवा.

समजा दोन्ही वाटा जाऊन-येऊन 12 किमी आणि चढाई 500 मीटर. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली एक ठोकताळा दिला होता तो अजून वापरतात, ताशी 5 किमी धरायचे आणि वर दर 600 मीटर चढाईला एक तास. म्हणजे दोन्हीकडे साधारण सव्वातीन तास, आणि हा न थांबता चालणाऱ्या तयारीच्या माणसाचा वेळ आहे, ग्रुप असेल तर पाच-साडेपाच तास धरून चाला. कागदावर दोन्ही सेम, पण अंगावर येतात ते अगदी वेगळे.

कड्याच्या वाटेवर चढ सकाळी असतो, ऊन कोवळं, पाय ताजे, पाण्याच्या बाटल्या भरलेल्या. कुणाला झेपेना झालं तर तिथूनच मागे वळायचं, परतीला उतारच आहे. घळीत नेमकं उलटं होतं. उतरताना सगळ्यांना वाटतं किती सोपंय, गप्पा मारत कधी खाली पोचलो कळतही नाही, आणि मग दुपारी एक-दीडला, अर्धं पाणी संपलेलं असताना तोच 500 मीटरचा चढ समोर उभा राहतो. तिथे ‘नाही जमत’ म्हणायची सोयच नसते. ग्रँड कॅन्यनच्या उद्यानाकडून लोकांना स्पष्ट सांगितलं जातं की वरून नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी परत यायचा प्रयत्न करू नका, आणि वर यायला उतरण्याच्या दुप्पट वेळ धरा. आपली घळ एवढी खोल नसली तरी दुपटीचा हिशोब लागू पडतोच. म्हणून हातात सहा तास असतील तर दोन तास झाले की असाल तिथून वळायचं, व्ह्यूपॉइंट दहा मिनिटांवर असला तरी. अजून एक गोष्ट, खाली उतरू तसा उकाडा वाढतो, दर 300 मीटरला साधारण तीन अंश, त्यात तापलेले कातळ दोन्ही बाजूंनी भाजत असतात. कड्यासाठी माणशी तीन लिटर पाणी पुरतं, घळीसाठी मी चार घेतो, आणि नदीचं पाणी फिल्टर केल्याशिवाय पीत नाही.

पावसाचा मुद्दा तर घळीच्या बाबतीत सगळ्यात मोठा आहे. अमेरिकेतल्या अँटिलोप कॅन्यनमध्ये 12 ऑगस्ट 1997 ला अचानक आलेल्या लोंढ्यात 11 जण गेले, आणि पाऊस पडला होता तो काही मैल लांब. त्यामुळे अंदाज बघताना फक्त आपल्या जागेचा नको, नदी जिकडून येते तिकडचा बघा, वर धरण असेल तर पाणी सोडणार आहेत का तेही विचारा. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पालापाचोळा वाहून यायला लागला किंवा आवाज बदलला की सामान गोळा करत बसू नका, सरळ वर चढा, नदीच्या कडेने पळू नका.

कड्याची वाट म्हणजे सगळं आलबेल असंही नाही हां. तिथे धोका शेवटच्या दोन मीटरमध्ये असतो. कातळ सपाट दिसतो पण त्यावर बारीक मुरूम पसरलेला असतो, बुटाखाली तो गोट्यांसारखा फिरतो, आणि बऱ्याच ठिकाणी कडा खालून पोखरलेला असतो जे वर उभं राहून दिसतच नाही. मी कडेला उभा राहत नाही, पोटावर झोपून पुढे सरकतो आणि मग बघतो, बघायलाही तसंच जास्त मिळतं. सोबत लहान मुलं असतील तर मात्र खरंच दोनदा विचार करा. शिवाय परतीचा उतार दमलेल्या गुडघ्यांवर येतो. एकदा लेस सैल ठेवून उतरलो तर बोटं सारखी बुटाच्या पुढे आपटून दोन नखं काळी पडली, तेव्हापासून उतरायच्या आधी थांबून घोट्यापाशी लेस आवळतो, काठ्याही जरा लांब करतो.

उजेडाचं म्हणाल तर तळाशी ऊन पोचतं ते दुपारच्या आसपासच, त्यामुळे अकरा ते एकच्या दरम्यान वरून पाणी मस्त चमकताना दिसतं. घळीत मात्र सूर्य लवकर आड जातो, बाहेर लख्ख असताना आत अंधारून येतं, म्हणून हेडटॉर्च हवाच. मोबाइलला रेंज बहुतेक नसते आणि उंच भिंतींमुळे जीपीएसही भरकटतं, मॅप डाउनलोड केलेला असला तरी वाट डोळ्यांनी लक्षात ठेवत जा.

ग्रुपमध्ये कुणी नवीन असेल, उन्हाळा असेल किंवा आभाळ भरलेलं असेल तर माझं मत सरळ कड्याला. सगळे सरावाचे असतील, हवा थंड आणि कोरडी असेल आणि उजाडताच निघणार असाल तर घळीत जरूर उतरा, कारण ते कडे मान वर करून बघण्यात जे आहे ते वरून नाही मिळत. आणि अगदीच ठरत नसेल तर आधी कड्यावर जा. तिथून समोरची उतरायची वाट पूर्ण दिसते, घसारा कुठे आहे, नदी कुठे वाटेला चिकटते, सावली कुठवर पोचते, हे सगळं अर्धा तास बसून नीट बघून घ्या आणि पुढच्या वेळी खाली उतरा.