गिअर लिव्हरचा पाइप वाकवून देणारे भोसरीतील वर्कशॉप

जीपची सीट मागे सरकवल्यावर मूळ गिअर लिव्हर हाताला नीट येईना, म्हणून १६ मिमी बाह्य व्यासाच्या आणि ३ मिमी जाडीच्या सीमलेस (बिनजोड) पाइपाचा नवा लिव्हर भोसरी एमआयडीसीतील एका लहान वर्कशॉपमधून करून घेतला, आणि ते काम मला मनापासून आवडले. जाड पाइप सहसा चपटा होत नाही, परंतु त्याला वाकवायला जोर फार लागतो आणि दाब काढताच तो थोडा उलगडतो. हे जाणून कारागिराने आधी त्याच पाइपाचा तुकडा वाकवून कोनातला फरक मोजला आणि मगच लिव्हरचा पाइप हवा त्याहून किंचित अधिक वाकवला. डाय, म्हणजे ज्या साच्याभोवती पाइप वाकवतात तो, नेमकी १६ मिमी खोबणीची होती, हे महत्त्वाचे. प्लंबिंगच्या बेंडरमध्ये (नळाचे पाइप वाकवायच्या यंत्रात) असा पाइप सैल बसून वाकाचा आकार बिघडतो. वाकाची त्रिज्या व्यासाच्या तिप्पट, म्हणजे ४८ मिमी ठेवली. वाकवताना पकडीसाठी सोडलेली जास्तीची सरळ टोके नंतर कापली आणि नॉबचे आटे त्यानंतरच लेथवर पाडले, त्यामुळे ते अगदी स्वच्छ आले आहेत. डायचे ओरखडे मात्र पावडर कोटिंगपूर्वी पॉलिश पेपरने घासून घ्यावे लागले.