लाँग एक्सपोजर: एकच लांब फ्रेम की शंभर छोट्या?

ट्रायपॉड घेतलाय, कॅमेऱ्यात बल्ब मोड (शटर हवं तितका वेळ उघडं ठेवायची सोय) आहे, आता नागपुरातल्या रात्री काहीतरी करून बघायचंय. मग लगेच प्रश्न येतो: शटर दहा-वीस मिनिटं सलग उघडं ठेवायचं, की ३०-३० सेकंदांच्या फ्रेम काढून घरी एकावर एक चढवायच्या, म्हणजे स्टॅकिंग करायचं? माझं मत आधीच सांगतो. आकाश टिपायचं असेल तर स्टॅकिंग. रस्त्यावरचे दिवे टिपायचे असतील किंवा हातातल्या टॉर्चने अंधारात उजेड रंगवायचा असेल, म्हणजे लाइट पेंटिंग, तर एकच फ्रेम.

ताऱ्यांच्या रेषांसाठी एकच लांब फ्रेम इथे जवळजवळ बाद आहे. शहराचा उजेड मिनिटामिनिटाला साचत जातो आणि आकाश पांढुरकं होतं. स्टॅकिंगमध्ये ‘लाइटन’ मोड प्रत्येक ठिकाणचा सगळ्यात उजळ बिंदू तेवढा ठेवतो. त्यामुळे आकाश एका फ्रेमइतकंच उजळ राहतं, तारे मात्र पुढे सरकत रेष काढतात. त्यात नागपूर देशाच्या मधोमध, डोक्यावरून विमानांची ये-जा रात्रभर. लांब फ्रेममध्ये विमानाची रेघ गेली की गेली. स्टॅकिंगमध्ये त्या एक-दोन फ्रेममधून ती पुसून टाकता येते.

आणि आपला उन्हाळा! सेन्सर ६-७ अंशांनी तापला की त्याचा स्वतःचा नॉइज, म्हणजे फोटोत नको असलेले ठिपके, साधारण दुप्पट होतो. मे महिन्यात रात्रीसुद्धा गच्ची भाजत असते, तेव्हा वीस मिनिटांच्या फ्रेममध्ये लाल-निळे ठिपके नुसते भरून येतात. कॅमेऱ्यातलं लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन हे ठिपके काढतं, पण जितका वेळ फोटो तितकाच वेळ काळी फ्रेम घेतं. स्टॅकिंग करताना ते बंदच ठेवा, नाहीतर ताऱ्यांची रेष तुटक येते. दोन फ्रेममधलं अंतरही एक सेकंदाच्या वर जाऊ देऊ नका.

जागा निवडताना दिशा बघा. तारे ध्रुवताऱ्याभोवती फिरताना दिसतात, त्यामुळे वर्तुळं हवी तर कॅमेरा उत्तरेला. नागपूर २१ अक्षांशावर, म्हणजे ध्रुवतारा उत्तरेला क्षितिजापासून जेमतेम २१ अंश वर. बुटीबोरीकडून उत्तरेला कॅमेरा लावला तर समोर अख्ख्या शहराचा उजेड. उत्तरेला पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या बाजूला, सिल्लारीकडे गेलात तर तोच उजेड पाठीमागे राहतो. महाराष्ट्रातलं पेंच २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क (अंधारं आकाश जपलेली जागा) ठरलं, ते उगाच नाही. फक्त जंगलात रात्री आपल्या मनाने शिरायचं नाही. तासाभरात तारे १५ अंश फिरतात. वर्तुळं भरीव हवी असतील तर दोन तास तरी बसावं लागेल.

रस्त्यावर गणित उलटं. वर्धा रोडच्या डबल डेकर पुलाखाली किंवा बर्डीला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, छिद्र लहान म्हणजे एफ/११ आणि २०-३० सेकंद एवढ्यात गाड्यांच्या दिव्यांच्या रेषा मिळतात. सिग्नल सुटला की शटर उघडायचं, बस. पुलावर ट्रायपॉड लावू नका, ट्रक गेला की सगळा पूल हलतो.

लाइट पेंटिंगची खरी मजा एकाच फ्रेममध्ये आहे. काटोल रोडकडची ओळखीतली संत्र्याची बाग धरा. दोन मिनिटांचं एक्सपोजर लावायचं, गडद कपडे घालून झाडाच्या बाजूने चालत टॉर्च खालून वर फिरवायचा. कॅमेऱ्याच्या मागून उजेड टाकला तर झाड सपाट दिसतं. बाजूने टाकला की एकेक पान सुटं होतं. एलईडीचा पांढराफटक उजेड नको असेल तर टॉर्चवर पिवळा जिलेटिन कागद. हात थांबला की तिथे पांढरा डाग, त्यामुळे हात चालता ठेवा. हेच तुकड्यातुकड्याने काढून स्टॅक केलं तर चूक झालेला तुकडा टाकून देता येतो, हे खरं. पण मग अंधारात धावपळ करून शेवटी स्क्रीनवर काय आलं ते बघण्यातली धाकधूक उरत नाही. पेटती स्टीलवूल (लोखंडी तारांचा काथ्या) फिरवून ठिणग्या उडवायचा मोह मात्र वाळलेल्या गवतात आवराच.

खर्चाचं म्हणाल तर दोन्हीकडे केबल रिलीज, म्हणजे कॅमेऱ्याला हात न लावता शटर दाबायची वायर, लागतेच. स्टॅकिंगला वरून जास्तीची बॅटरी, मोठं कार्ड आणि कॉम्प्युटरसमोरची संध्याकाळ लागते. सॉफ्टवेअर, उदाहरणार्थ स्टारस्टॅक्स, फुकट मिळतं. कॅमेराच नसेल तर फोनचा नाइट मोड लावून फुटाळा तलावावर जा. तोही आतल्या आत स्टॅकिंगच करतो, फक्त फोन कशाला तरी टेकवून ठेवा.